उष्टी हळद

मलकापूर, कऱ्हाड
१२ मार्च १९४७

ती. दाजींना अंजनाचा वाकून नमस्कार. रंगूताईला न वाकता, कारण संक्रांतीला कबूल केलेल्या बांगड्या तिनं अजून पाठवलेल्या नाहीत.

दाजी, हे लग्न तुम्ही जुळवलंत, तेव्हा आता निस्तरायचंही तुम्हीच. दिवाळीत सुपारी फुटली तेव्हा तुमचे मावसभाऊ मानसिंगराव विट्याहून येऊन कऱ्हाडात चुलत्याच्या दुकानात सोनं आटवत होते, आणि वैशाखात बार उडवायचा असं ठरलं होतं. आता ते म्हणतात मोंबासा. मी शाळेत जाऊन नकाशा बघून आले. आफ्रिकेची ती कड उंदरानं कुरतडली आहे, म्हणजे माझा होणारा नवरा नेमका त्या भोकात चालला आहे. तिथल्या कुणा गुजराती शेठजींना सोनं गाळून शुद्ध करणारा माणूस हवा आहे आणि करार चार वर्षांचा आहे.

मी आत्याच्या तोंडून बाबांना सुचवलं की मग लग्न करून दोघांनीच जावं. शेठजींचा मुंबईतला माणूस सांगतो, बायकोचं नाव नवऱ्याच्या पासपोर्टात चढवता येतं, फक्त लग्न आधी झालेलं पाहिजे. बाबा पानाला चुना लावत होते. वर न बघता म्हणाले, "आधी त्यानं जावं, चार वर्सं जगून दाखवावं, मग बघू."

असं का, ते तुम्हाला ठाऊक आहे. सयाजीकाका बर्मात गेले ते बंदुकीच्या गोळीनं नाही, हिवतापानं. दोघे भाऊ एकाच पलटणीत होते आणि बाबा हवालदार. पेन्शनीत आल्यापासून बाबा त्या दिवसांबद्दल अवाक्षर काढत नाहीत, पण आफ्रिका म्हटलं की त्यांना तापच दिसतो. आणि इकडे हरणाआत्या म्हणते की चार वर्षं पोरगी घरात ठेवायची असेल तर तिच्या पाहण्यात नदीकाठचा एक बिजवर बागायतदार आहे.

मला बागायतदार नको आणि चार वर्षं थांबायचंही नाही. लाज सोडून लिहिते आहे, कारण लाज धरून लिहायला सवड नाही. दाजी, तुम्ही सांगलीच्या एवढ्या मोठ्या औषधांच्या दुकानात आहात. हिवताप येऊच नये असं काही तुमच्या कपाटात नाही का?

तुमची मेहुणी,
अंजना

*

सांगली
१७ मार्च १९४७

चि. अंजनास नाथाजीचा आशीर्वाद.

बांगड्या घेऊन ठेवल्या आहेत. तुझ्या ताईच्या हातात आहेत, तुटतील त्याआधी पोचवतो.

औषध आहे. पूर्वी कोयनेल होतं, पण लढाईत त्याचा तुटवडा पडला तो अजून पुरता भरून निघालेला नाही. आता मेपाक्रीन नावाची गोळी आली आहे. रोज एक, जेवणानंतर, न चुकता. घेतली तर हिवताप सहसा जवळ फिरकत नाही.

आमचे मानसिंगराव शनिवारी दुकानात आले होते. मी गोळी हातावर ठेवली. पिवळीधमक गोळी. त्यांनी ती उजेडात धरली, वजन अजमावलं आणि विचारलं, "दादा, कसाला लावून बघू काय?" दुकानात गिऱ्हाइकं होती, ती सगळी थांबून बघू लागली. मी म्हटलं, ही कसाला नव्हे, जिभेला लावायची. त्यांनी तोंडात टाकली आणि सोनं चावून बघावं तशी चावली. अंजने, ही गोळी चावायची नसते. तिच्याइतकं कडू आमच्या दुकानात फक्त मालकांचं बोलणं आहे. मानसिंगरावांनी दोन तांबे पाणी प्यायलं, मग समोरच्या दुकानातून गुळाचा खडा आणला, आणि मग विचारलं की ही गोळी खाण्यापेक्षा ताप आलेला बरा नाही का.

मी त्यांना बसवून समजावलं. बोटीची तार कधी येईल त्याचा नेम नाही, आली की लगेच निघावं लागेल, म्हणून आतापासूनच सुरू करा, शरीराला सवय होईल. एक बाटली भरून दिली आहे. रोज घ्यायचं कबूल करून गेले. गोळ्यांसोबत एक लांबलचक इंग्रजी कागद असतो, तो मालक वाचतात आणि मग मला सांगतात. मालक मिरजेला लग्नाला गेले आहेत, तेव्हा काही राहिलं असेल तर नंतर कळवीन. विशेष काही नसावं.

तू आप्पासोमामांना, तुझ्या बाबांना, एवढंच सांग की तापावर गोळी निघाली आहे. त्यांचं मन वळेल.

नाथाजी

*

मलकापूर
५ एप्रिल १९४७

ती. दाजींना नमस्कार.

विशेष काही नसावं असं तुम्ही लिहिलं होतंत. दाजी, तुमचा मावसभाऊ पिवळा झाला आहे.

आधी बाबांचं सांगते. तुम्ही सांगितलंत तसं मी जेवताना म्हटलं की तापावर आता गोळी निघाली आहे म्हणे. बाबांचा घास हातात तसाच राहिला. म्हणाले, "गोळी असून काय उपेग? माणसानं गिळाया पायजे." आणि ताटावरून उठले. मन वळायचं राहिलं बाजूला, त्या रात्री ते धड जेवलेही नाहीत. म्हणून मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आता पिवळेपणाचं. गुरुवारी आत्या कऱ्हाडच्या बाजारात गेली होती. मानसिंगराव समोरून आले आणि त्यांनी नमस्कार केला. आत्यानं हात बघितले, तळवे बघितले, मान बघितली. त्यांचे चुलते म्हणाले, सोनं आटवून आटवून अंगावर चढलं असेल. आत्याला वाटलं कावीळ. तिनं त्यांना हाताला धरून तसंच आमच्या तात्याबाकडं आणलं. तात्याबा कावीळ उतरवतो, तुम्हाला माहीत आहे. त्यानं डोक्यावर काशाची वाटी ठेवली, तेल घातलं, दूर्वा फिरवल्या. तेल पिवळं व्हायचं नाव घेईना. मग त्यानं पापण्या ओढून डोळे बघितले आणि सांगितलं, "डोळं कापसावानी पांढरं हायत. ही कावीळ न्हवं."

झालं. कावीळ नाही तर मग काय? धडधाकट जवान माणूस अंगभर पिवळा कशानं होतो, हे आत्याला कुणी सांगावं लागत नाही. आणि हा आत्ताच सांगलीला जाऊन आला, जिथं पोत्यांनी हळद विकली जाते. घरी येऊन तिनं पदर खोचला आणि जाहीर केलं की विट्याच्या पाहुण्यानं गुपचूप दुसरीकडं हळद लावून घेतली आहे. मोंबासाला तो एकटा जात नाही, आमच्या पोरीला सोडून दुसरीच बरोबर नेतो आहे. बागायतदाराकडं कालच निरोप गेला.

आणखी वाईट म्हणजे तात्याबाकडून परत जाताना मानसिंगराव पारापुढून गेले. तिथं बाबा आणि त्यांचे पलटणीतले दोस्त बसले होते. ती सगळी मोठी माणसं, दाजी, तोंडावर पंचे धरून हसत होती. एकानं तर उठून त्यांना सलाम ठोकला. मी दारातून बघितलं आणि मला रडू आलं. बाबा हसले नाहीत, नुसते बघत राहिले, ते तर मला जास्तच लागलं.

मला एवढंच सांगा, ते खरंच दुसरीकडं लग्न करत नाहीत ना?

अंजना

*

सांगली
८ एप्रिल १९४७

चि. अंजनास आशीर्वाद.

नाही, नाही आणि नाही. तो गडी तुझ्याशिवाय कुणाशी लग्न करणार नाही. शपथ घालायची तर दुकानातल्या सगळ्या बाटल्यांची घालतो.

चूक माझी आहे. तुझं पत्र आल्याबरोबर मी मालकांपुढं तो इंग्रजी कागद धरला. त्यांनी चष्मा लावला आणि खालून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. गोळी नेमानं घेतली की काही जणांच्या कातडीला पिवळा रंग चढतो, त्यात अपाय नाही, गोळी थांबवली की हळूहळू उतरतो. मालकांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. त्यानंतर ते जे बोलले ते मेहुणीला लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्याच दिवशी मानसिंगराव स्वतः दुकानात हजर. त्यांनी अंगाला बेसन लावून बघितलं होतं, चिंच लावून बघितली होती, आणि शेवटी सोनं धुतात तसं रिठ्याच्या पाण्यात ब्रश बुडवून घासून बघितलं होतं. चकाकी तेवढी वाढली होती. मी त्यांना कागद दाखवला. ते शांत झाले आणि म्हणाले, रंगाचं काही नाही, पण अंजनाच्या घरी काय वाटलं असेल? एवढंच विचारत होते, पुन्हापुन्हा. मी त्यांना सांगितलं, गोळ्या थांबवा, रंग उतरू दे, बोटीची तार आली की पुन्हा सुरू करू. तर म्हणाले, न्हाई दादा, तिच्या बाबांचा भाऊ त्या तापानं गेला, मी गोळी चुकवणार न्हाई.

आता तू काळजी करू नकोस. मी उद्याच आप्पासोमामांना सविस्तर पत्र टाकतो, तो कागदही सोबत जोडतो. सगळं उलगडून सांगितलं की हरणाआत्याही शांत होतील.

नाथाजी

*

मलकापूर
१० एप्रिल १९४७

दाजी,

नमस्कार मागाहून. बाबांना पत्र टाकू नका. टाकलं असेल तर पोस्टात जाऊन परत मागा, पोस्टमन तुमच्याकडून खोकल्याचं औषध फुकट नेतो ना.

माझं ऐका. तुम्ही सगळं उलगडून सांगितलंत की काय होईल? आत्या म्हणेल, बरं, हळद नव्हती. मानसिंगराव चांगले ठरतील, बोटीत बसतील आणि मी इथंच राहीन. चार वर्षं तशीच उभी.

काल आत्या आणि शेजारच्या राहीबाई निवडण-टिपण करत बोलत होत्या. राहीबाई म्हणाल्या, अवो, हळद त्याला आपल्याच पोरीची लागली असंल. आत्या म्हणाली, "मग उष्टी हळद आमच्या दारात याया नगं व्हय?"

मी तिथंच ताक घुसळत होते. रवी हातातून सुटली.

दाजी, नवऱ्याला हळद लागते, मग उरलेली हळद नवरीकडं येते आणि तिला लागते. जिला त्याची उष्टी हळद लागली ती त्याची, मग दुसरं स्थळ कसलं आणि थांबणं कसलं? मला त्या गोळ्या पाठवा. दुकानातल्या नकोत. त्यांच्या बाटलीतल्याच पाहिजेत, त्यांनी घेऊन उरलेल्या. उष्टी म्हणजे उष्टीच. मला ह्यात आत्यालाही फसवायचं नाही.

हा चावटपणा नाही. मी जाणार आहे, आणि जाणार तर मलाही गोळ्या लागतीलच. तुम्हीच लिहिलंत की आधीपासून सुरू करावं. रंगूताई अक्षयतृतीयेला येणार होती ना माहेरी, तिला थोडी आधी धाडा.

तुमची, अजून गोरी,
अंजना

*

सांगली
१३ एप्रिल १९४७

चि. अंजनास,

तुझं पत्र वाचून मी प्रथम हसलो, मग घाबरलो, मग तुझ्या ताईला वाचून दाखवण्याची चूक केली.

माझं म्हणणं असं होतं की औषध म्हणजे रंगपंचमीचा रंग नव्हे. ज्याला गरज नाही त्यानं गोळी घेऊ नये हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे. मी दोन दिवस ह्या नियमावर टिकून राहिलो. तिसऱ्या दिवशी मला घरात भाकरी मिळाली, कालवण मिळालं नाही. मग मी मानसिंगरावांना विचारलं. त्यांनी तिथंच खिशातून बाटली काढली, निम्म्या गोळ्या रुमालात ओतल्या आणि एकही सांडू नये म्हणून रुमालाला एकावर एक तीन गाठी मारल्या. त्या माणसाकडं बघून माझा नियम संपला.

पण माझ्या अटी ऐक. रोज एकच, रात्री पोटभर जेवल्यावर. उपाशीपोटी कधीही नाही. चावायची नाही. पोट फार डचमळलं किंवा कान वाजू लागले तर त्या दिवशी थांबायचं आणि मला कळवायचं. आणि एकदा सुरू केलीस की रंग चढो न चढो, बोटीत बसेपर्यंत आणि पुढंही चालू ठेवायची. तू जाणारच असशील तरच घे.

तुझी ताई शेजारी उभी आहे आणि ती सांगते ते जसंच्या तसं लिहिण्याचा हुकूम आहे: "अंजे, ह्येंचं लय मनावर घिऊ नगंस. गोळ्या मी पदराला बांधून घिऊन येती. आत्याफुडं तोंड गप ठिव, आन् आरशात सारखी बघत बसू नगंस, न्हाईतर आत्याला कळंल."

नाथाजी

*

मलकापूर
२८ एप्रिल १९४७

ती. दाजींना नमस्कार, आणि ताईला आज साष्टांग.

चढली, दाजी, चढली. आधी नुसते तळवे. मला वाटलं मनाचे खेळ. मग एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि राहीबाई विस्तव मागायला आल्या, त्या माझ्या हाताकडं बघत राहिल्या आणि विस्तव न घेताच गेल्या. पुढं जे झालं ते लिहिताना मला अजून हसू आवरत नाही, म्हणून अक्षर असं येतं आहे.

आत्यानं मला न्हाणीत नेऊन घासलं. मग तात्याबा आला. काशाची वाटी, तेल, दूर्वा. तेल जसंच्या तसं. पापण्या ओढल्या, डोळे पांढरे. तात्याबा म्हातारा माणूस, त्यानं वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, हिकडं बी तसंच आन् तिकडं बी तसंच, आता हे माझ्या हातातलं न्हाई. आत्या मटकन खाली बसली. कुणी लावली नाही, कुणी आणली नाही, आणि त्याची हळद पोरीच्या अंगावर आपोआप उमटली. तिनं देव्हाऱ्यापुढं सुपारी ठेवली आणि बागायतदाराला पुन्हा निरोप धाडला, की देवानं लावलेली हळद आम्हाला पुसता येत नाही. मला एकदम तिची दयाच आली. मी तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, रडू नगं, लगीन लावून देती.

मग बाबा आले. सगळ्या बायका बाजूला झाल्या. त्यांनी मला अंगणात उन्हात उभं केलं, तळवे उलटेपालटे करून बघितले, डोळे बघितले. मला वाटलं आता सगळं फुटणार. पण त्यांनी काय विचारावं? "कान वाजत्यात काय गं?" मी नाही म्हटलं. "पोट डचमळतंय?" मी पुन्हा नाही म्हटलं. बाबा आत्याकडं वळून म्हणाले, "हळद लागलीच हाय तर आता थांबायचं कशापायी? बामणाला बोलवा."

सहा मेला लग्न आहे. बोटीची तारही आली, बोट मेअखेर सुटते. पासपोर्टाचं मुंबईचा माणूस बघतो आहे. खरी हळद लावायच्या दिवशी काय करायचं हा बायकांपुढं मोठा प्रश्न आहे, कारण लावलेली दिसणारच नाही.

एकच गंमत कळत नाही. हल्ली रात्री जेवणं झाली की बाबा स्वतः पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवतात आणि तिथंच उभे राहतात. मग मला गोळी घ्यायला गोठ्यामागं जावं लागतं. लेक जाणार म्हणून त्यांचं मन हळवं झालं असावं.

ताईला घेऊन चार दिवस आधी या.

तुमची, पिवळी,
अंजना

*

मलकापूर
२ जून १९४७

चि. नाथाजी यास आप्पासोकडून आशीर्वाद.

मुंबईहून परत आलो. दोघं बोटीत बसली, बोट सुटली. लग्नात तुम्ही राबलात, बोलायला सवड झाली नाही, म्हणून लिहितो. मला लांबण लावता येत नाही.

जावई त्या दिवशी पारापुढून गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी ओळखलं. आमच्या पारावर बसणारे निम्मे लोक बर्मा करून आले आहेत. तिथं आमची आख्खी पलटण पिवळी होती. रोज संध्याकाळी जेवणावर गोळी मिळायची आणि हवालदारानं समोर उभं राहून गिळायला लावायची, असा हुकूम होता. मी सगळ्यांना दम दिला की घरात बायकांपुढं एक शब्द निघता कामा नये, कारण गोळीचं नाव निघालं की सयाजीचं निघतं. ते हसायचे राहिले नाहीत, तेवढं मला थांबवता आलं नाही.

तुम्हा पोरांना वाटलं, म्हातारा फसला. ते तसंच राहू द्यायचं होतं. पण अंजनानं बोटीवर चढताना मला रडत रडत सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तिला माझं सांगायचं राहिलं. तुम्ही पत्र टाकाल तेव्हा माझं हे तिला कळवा.

सयाजीचं लग्न त्याच वर्षी व्हायचं होतं. पलटणीत कुणी आवई उठवली की ती गोळी खाणारा माणूस बाप होत नाही. तो माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा आणि मागं जाऊन काढून ठेवायचा. तो गेल्यावर त्याच्या पिशवीत सगळ्या सापडल्या, फडक्यात नीट बांधलेल्या. सगळी पलटण पिवळी झाली होती आणि माझा भाऊ तेवढा गोरा राहिला होता. मला वाटायचं, त्याचा रंगच उजळ.

म्हणून मी चार वर्षं म्हणालो होतो. गोळी आहे हे मला ठाऊक होतं. परक्या मुलखात माणूस ती गिळतो का, हे कोण बघणार? जावई पिवळा दिसला तेव्हा निम्मी काळजी गेली. मग पोरगी पिवळी दिसली, आणि मला कळलं की आता दोघं आहेत. तो हिच्या तोंडात बघेल, ही त्याच्या तोंडात बघेल. मग मी कशाला थांबवू?

तिथं गोळ्या मिळतात का त्याची चौकशी करा. नसतील तर इथून पाठवा. पैशाकडं बघू नका.

आप्पासो

*

मोंबासा
३ नोव्हेंबर १९४७

ती. दाजींना आणि ताईला आम्हा दोघांचा नमस्कार.

बाबांचं पत्र तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात घालून पाठवलंत. मी ते वाचलं आणि ह्यांना वाचून दाखवलं. त्या दिवशी आमच्याकडं कुणी जेवलं नाही, पण गोळ्या घ्यायच्या होत्या म्हणून रात्री उठून चूल पेटवली आणि पिठलं केलं. बाबांना सांगा, रोज जेवण झालं की आम्ही समोरासमोर बसतो. आधी हे आ करतात आणि मी बघते, मग मी आ करते. शेजारची गुजराती मंडळी आम्हाला वेडी समजतात. गोठ्यामागं जाऊन गोळी घेतल्याबद्दल मात्र माझी मला फार लाज वाटते. बाबा तांब्या घेऊन उभे होते आणि मला वाटलं हळवे झाले आहेत.

आता एक काम तुमच्यावर टाकते. सोबत आमचा फोटो आहे, तो तुम्ही स्वतः मलकापूरला घेऊन जा. बाबांनी आधी लिहिलं होतं की पहिला फोटो काळापांढरा होता, त्यात माणसं पिवळी आहेत का ते कळत नाही. म्हणून ह्या वेळी फोटोवाल्याकडून वर हातानं रंग भरून घेतला. तो बिचारा गालांना गुलाबी लावायला निघाला होता. मी म्हटलं, पिवळा लावा. त्यानं कुंचला खाली ठेवून ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, लावा, आमच्याकडं तशी पद्धत आहे.

पण बाबांना फसवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. त्यातला ह्यांचा रंग खरा आहे, माझा रंगवलेला आहे. मी आता पुन्हा गोरी होत चालले आहे. बाबांनी घाबरू नये. गोळी मी सोडलेली नाही, इथल्या डॉक्टरणीनं ती बदलून दिली आहे, नवी पांढरी गोळी निघाली आहे तिनं रंग चढत नाही. माझ्या आताच्या दिवसांत हीच बरी, असं ती म्हणाली. पलटणीतली ती आवई अगदी खोटी होती, एवढं बाबांना हळूच सांगा. सयाजीकाकांचं नाव आम्ही राखून ठेवलं आहे. मुलगी झाली तर मात्र बाबांनीच नाव काढायचं आहे.

आणि आत्यानं विचारलं की पोरीची हळद कशी काय उतरली, तर तिला म्हणावं, हळद उतरल्यावर घरोघरी जे होतं तेच झालं आहे.

तुमची,
अंजना